स्विचच्या सगळ्या पोर्टला फ्लो कंट्रोल ऑन करायचं का?

भाऊ, तुम्ही धुळ्याहून विचारलंय की २५ जीच्या (सेकंदाला २५ गिगाबिट) स्विचवर स्टोरेजचे पॅकेट ड्रॉप होत होते, म्हणजे वाटेत टाकून दिले जात होते, म्हणून सगळ्या पोर्टला फ्लो कंट्रोल (जागा भरत आली की समोरच्याला थांबवायची सोय) ऑन केलं, ड्रॉप थांबले, पण आता रात्रीचा बॅकअप लागला की बाकीचे सर्व्हरही अडकतात. ते बंदच करायचं, अडकतंय त्याच्यामुळेच. मी जळगावात बसून रिमोटने असेच स्विच सांभाळतो आणि हा प्रकार नेहमी बघतो.

तुम्ही ऑन केलं तो साधा पॉज, म्हणजे इथरनेटचं ८०२.३एक्स हे मानक, १९९७ चं. त्यात समोरच्याला फक्त "थांब" म्हणता येतं, कोणतं ट्रॅफिक थांबव ते सांगताच येत नाही. बॅकअपचा सर्व्हर हळू घेतो, तो स्विचला थांबवतो, स्विचचा बफर (डेटा तात्पुरता ठेवायची जागा) भरला की तो अपलिंकला, म्हणजे वरच्या स्विचकडे जाणाऱ्या लिंकला, थांबवतो आणि मग त्या लिंकवरचं सगळंच उभं राहतं, भुसावळ यार्डात मालगाडीला जागा नाही म्हणून मागच्या एक्सप्रेसही रोखून धरल्यासारखं.

तुम्हाला हवंय ते पीएफसी (प्रायॉरिटीनुसार फ्लो कंट्रोल), मानक ८०२.१क्यूबीबी. त्यात ट्रॅफिकच्या ८ प्रायॉरिटी, म्हणजे क्लास, असतात आणि प्रत्येकीला वेगळं थांबवता येतं. स्टोरेज एकाच प्रायॉरिटीत टाका, बहुतेक जण ३ घेतात, तेवढीच नो-ड्रॉप करा, बाकीचं ड्रॉप होऊ द्या, टीसीपी ते परत पाठवतं. आणि तुमचं स्टोरेज आयस्कझी (iSCSI, नेटवर्कवरून डिस्क वापरायची पद्धत) असेल तर ते टीसीपीवरच चालतं, बऱ्याचदा पीएफसी लागतच नाही, खरी गरज रॉकी (RoCE, एका सर्व्हरच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत थेट डेटा नेणारं) आणि एफसीओईला (FCoE, इथरनेटवरून चालणारं फायबर चॅनेल स्टोरेज).

आता जिथे लोक हमखास फसतात ते. सर्व्हरचं कार्ड, लीफ (सर्व्हर जोडलेला स्विच), स्पाइन (लीफना एकमेकांशी जोडणारा स्विच), सगळीकडे कोणतं ट्रॅफिक कोणत्या प्रायॉरिटीत हे मॅपिंग एकच पाहिजे. रॉकी व्ही२ राउट होतं म्हणून डीएससीपीवर (आयपी हेडरमधली प्रायॉरिटीची खूण) ट्रस्ट ठेवा, व्हीलॅन टॅगमधला कॉस (तिथली प्रायॉरिटीची खूण) पुढे टिकेलच असं नाही. ऑटोवर सोडलं आणि डीसीबीएक्सचं (कार्ड आणि स्विच आपसात सेटिंग जुळवतात तो प्रोटोकॉल) जुळलं नाही तर पीएफसी लागतच नाही, कुणी ओरडून सांगतही नाही.

हेडरूम बफरही बघा, म्हणजे पॉज पाठवल्यावरही येणाऱ्या डेटासाठी राखलेली जागा. पॉज पोचेपर्यंत वायरीत असलेला डेटा येतच राहतो, ३०० मीटर फायबर आणि १०० जी धरलं तर जाऊन-येऊन ३ मायक्रोसेकंद, म्हणजे साधारण ३७ केबी फक्त वायरीमुळे, शिवाय मोठ्या फ्रेम वेगळ्या. हा बफर कमी पडला तर नो-ड्रॉप क्लासमध्येही ड्रॉप होतात.

त्यासोबत ईसीएन (गर्दी होतेय अशी खूण पॅकेटवर टाकायची सोय) लावाच आणि त्याची मर्यादा पीएफसीच्या खाली ठेवा म्हणजे पाठवणारा आधीच हळू होतो, पॉज शेवटच्या क्षणालाच लागतो. वॉचडॉगही (पॉजमध्ये अडकून पडलेली क्यू ओळखून सोडवणारी सोय) ऑन ठेवा, कारण बिघडलेलं एखादं कार्ड सारखे पॉज पाठवत बसलं तर तेवढ्यानेच अख्खी क्यू गोठते.

फ्लो कंट्रोल बंद करायच्या आधी एकदा, आज रात्री बॅकअप चालू असताना, स्विचच्या प्रत्येक पोर्टचे पॉज काउंटर घ्या. सर्व्हरच्या पोर्टवर आरएक्स (स्विचला आलेले पॉज) वाढत असेल तर सर्व्हर हळू आहे, टीएक्स (स्विचने पाठवलेले) वाढत असेल तर स्विचचा बफर भरतोय. ते आकडे आणि स्विचचं मॉडेल इथे टाका, हेडरूम किती ठेवायचा ते मी सांगतो.