पार्ट्सचं काउंटर कमी समजू नका

प्रश्न: मुलाचा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. जेसीबी-पोकलेनच्या एका डीलरकडे पार्ट्स विभागात नोकरी मिळतेय. एवढं शिकून फिल्टर विकायचे का? मशीन विक्रीत जागा निघेपर्यंत थांबवू का? – एक पालक, कराड

सप्रेम नमस्कार.

थांबवू नका. मशीन एकदा विकलं जातं. त्याचे फिल्टर, बकेटचे दात, सांध्यांतले पिन-बुश, होज (ऑइलचे रबरी पाइप) मात्र पुढची कित्येक वर्षं लागतच राहतात. शिवाय मशीनच्या विक्रीत डीलरला टक्क्याने थोडंच सुटतं, पार्ट्सवर जास्त. पावसाळ्यात मशीनं फारशी विकली जात नाहीत, तेव्हा याच काउंटरचा आधार असतो. समजा महिन्याचा बांधील खर्च (पगार, भाडं वगैरे, विक्री झाली नाही तरी होणारा) २० लाख आणि पार्ट्स-सर्व्हिसमधून १४ लाख सुटले, तर ७० टक्के खर्च तिथेच निघाला. याला ‘अ‍ॅब्सॉर्प्शन’ म्हणतात. मुलाखतीत चिरंजीवांनी हा आकडा विचारला, तर समोरचा मालक खुर्चीत सावरून बसेल.

आता डिप्लोमा कुठे लागतो ते बघा. सकाळी सातला व्हॉट्सअ‍ॅपवर फुटलेल्या होजचा फोटो येतो, नंबर ग्रीसखाली गेलेला. मशीन खाणीत बंद, तासाचं भाडं बुडतंय. चेसिस नंबर मागवून, कॅटलॉग उघडून नेमका होज काढायचा. मॉडेल तेच असलं तरी ठरावीक सीरियल नंबरनंतरच्या मशीनमध्ये पार्ट बदललेला असतो. चुकीचा गेला की मालकाचा आणखी एक दिवस बुडाला, आणि पुढच्या वेळी तो बाजारातला डुप्लिकेट घेणार.

विक्री वाढवायची तर हिशेब यायला हवा. भागात ३०० मशीनं, प्रत्येकाचे वर्षाला २,००० तास, ऑइल फिल्टर ५०० तासांनी धरला तर १,२०० फिल्टर. काउंटरवरून ५०० गेले असतील, तर बाकीचे कुठे गेले? ज्याला हे शोधता येतं, तो फार दिवस काउंटरवर राहत नाही. (मशीन विक्रीवाल्यांना मोटारसायकल आणि रुबाब मिळतो, हे खरं, टार्गेट हुकलं की झोपही जाते.)

एकच गोष्ट आधी विचारून घ्या: इन्सेन्टिव्ह विक्रीवर आहे की वसुलीवर? ‘कंत्राटाचं बिल निघालं की देतो’ म्हणणारी गिऱ्हाइकं तिथे रोज येणार.