बायोफिल्टर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. भट्टीचा धूर आणि कोअर शॉपमधला (ओतकामासाठी वाळूचे गाभे बनवण्याच्या विभागातला) उग्र वास एकाच बायोफिल्टरने जाईल का?

उत्तर : जाणार नाही. बायोफिल्टर म्हणजे कंपोस्ट, लाकडाचे तुकडे अशा भरणाचा ओला थर; त्यातून हवा सोडली की थरातील जिवाणू वासाचे वायू खातात. भट्टीच्या धुरातील धूळ थरात अडकून तो बुजवते. तिच्यासाठी बॅग फिल्टरच (कापडी पिशव्यांतून धूळ गाळणारा) हवा. कोअर शॉपमधील फिनॉल, फॉर्माल्डिहाइड आणि कोल्ड बॉक्सचे (गाभे न तापवता घट्ट करण्याच्या पद्धतीतले) अमाइन यांची गोष्ट वेगळी आहे, कारण हे वायू पाण्यात विरघळतात आणि थरातील तुकड्यांवरच्या ओल्या पापुद्र्यात राहणारे जिवाणू त्यांचे विघटन करतात. अमाइनचे प्रमाण जास्त असल्यास आधी आम्लाचा स्क्रबर (हवा आम्लाच्या पाण्याने धुणारे उपकरण) बसवावा.

जागेचा विचार मात्र आधी करा. हवा थरात साधारण 30 ते 60 सेकंद राहावी लागते. ताशी 3,600 घनमीटर हवेला 45 सेकंद द्यायचे तर 45 घनमीटर थर लागतो, म्हणजे एक मीटर उंचीला 45 चौरस मीटर जागा. विक्रेता याहून फारच लहान पेटी दाखवत असेल, तर त्याच्याकडून हिशेब लेखी मागावा.

प्रश्न : साखर कारखान्याचा बगॅस (उसाचा चोथा) स्वस्त मिळतो. तोच भरला तर?

उत्तर : नुसता नको. तो लवकर कुजून दबतो, हवेला वाट उरत नाही आणि ब्लोअरचे वीजबिल वाढते. कंपोस्टमध्ये लाकडाचे जाड तुकडे किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे मिसळावेत.

प्रश्न : सांडपाण्याच्या टाकीवरचा कुजक्या अंड्यांसारखा वास बायोफिल्टरने गेला होता, पण काही महिन्यांनी परत आला. असे का?

उत्तर : तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात, ते थरातच साचते आणि सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) घसरतो. खालून झिरपणाऱ्या पाण्याचा सामू नियमित तपासा; तो उतरू लागताच थर पाण्याने धुवा, आणि नवा थर भरताना त्यात चुनखडीची खडी मिसळा. वायू फार दाट असेल तर प्लास्टिकच्या पॅकिंगवर सतत पाणी फिरवणारा बायोट्रिकलिंग फिल्टर अधिक टिकतो. थराचा ओलावाही पाहा : तो साधारण 40 ते 60 टक्के हवा. एप्रिल-मे महिन्यांत आत येणारी हवा ओली करून सोडावी लागते, तर आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या थरावर छप्पर नसेल तर तो चिंब होऊन हवाच अडते. धुतलेले आम्लयुक्त पाणी ओढ्यात सोडू नका, कारण ते पुढे पंचगंगा नदीलाच मिळते. ते कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात न्यावे.

प्रश्न : साप्ताहिक सुटीला ब्लोअर बंद ठेवला तर चालेल का?

उत्तर : एका दिवसाने बिघडत नाही, थर ओला मात्र ठेवा.