रोप कुठून आणणार?

प्रश्न : सांगोला तालुक्यात आमची दोन एकर डाळिंबाची बाग होती. तेल्या रोगानं हाती काही लागू दिलं नाही, शेवटी मागल्या साली उपटून टाकली. आता पुन्हा लावायची म्हणतोय. स्वच्छ रोपांसाठी केंद्र सरकारनं १,७६५ कोटी मंजूर केलेत असं वाचलं. त्यातलं आम्हाला काय मिळणार? अर्ज कुठं करायचा?

उत्तर : अर्ज कुठंच करायचा नाही. त्यातला एक रुपयाही तुमच्या खात्यावर येणार नाही. तरीही शेतीवर होणाऱ्या सरकारी खर्चात हा मला सगळ्यात गरजेचा वाटतो, कारण हा पैसा रोगाच्या मुळाशी जातो.

२००६ साली मी ओळखीच्या एका बागेतून स्वस्तात गुटी कलमं (झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेली रोपं) आणली. पावती नाही, मातृझाड, म्हणजे ज्याच्यापासून कलमं केली ते झाड, कसलं ते विचारलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात पानांवर तेलकट ठिपके आले, मग फळं तडकू लागली. सहाशे झाडं काढावी लागली. दोन वर्षांत बांधापलीकडची बागही गेली. त्या शेजाऱ्यानं मला कधी बोल लावला नाही, पण त्यांच्या दारात चहाला बसताना आजही माझी मान खाली जाते.

तेव्हा खात्रीचं रोप मागायला जावं असं ठिकाणच आम्हाला माहीत नव्हतं. हा पैसा त्यासाठी आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात या स्वच्छ रोप कार्यक्रमाला २,२०० कोटी जाहीर झाले, मंत्रिमंडळाची मंजुरी आली ऑगस्ट २०२४ मध्ये, १,७६५.६७ कोटींची. देशात नऊ केंद्रं व्हायची आहेत. त्यातलं डाळिंबाचं आपल्याच सोलापुरात, पुणे रस्त्यावर केगावला २००५ पासून जे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथं. मातृझाडं प्रयोगशाळेत तपासायची, विषाणू असेल तर काढायचा, आणि अशा झाडांपासूनची रोपं रोपवाटिकांनी वाढवून आपल्याला द्यायची, असं ते काम. घोषणेपासून मंजुरीपर्यंत दीड वर्ष गेलं, याचं मला वाईट वाटतं. तेवढ्या काळात आपल्या तालुक्यांत किती बागा न तपासलेल्या रोपांवर उभ्या राहिल्या असतील!

तुमच्या हातात येणारं अनुदान वेगळं. राज्य सरकारच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत डाळिंब बसतं, क्षेत्र २० गुंठ्यांपासून चालतं. पैसे तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळतात. पण पुढच्या वर्षांच्या पैशांसाठी ठरलेल्या प्रमाणात झाडं जगलेली दिसावी लागतात. म्हणजे रोगट रोप लावलं तर बागेबरोबर अनुदानही जातं. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर. आधीच्या बागेवर लाभ घेतला असेल तर गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहाय्यक) तेही सांगा.

रोप परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्या. राज्यात फळरोपवाटिकांना १९६९ च्या कायद्यानं परवाना लागतो, तो दाखवा म्हणायला संकोच नको. मातृबाग बघायची आहे म्हणा, तीही पावसाळ्यात, कारण तेल्या तेव्हाच उघड दिसतो. दाखवायला टाळाटाळ झाली तर माघारी या. पावती जपून ठेवा.

एक मात्र मनात धरा. तेल्या हा जिवाणूंचा रोग. स्वच्छ रोप आणलं तरी पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून, छाटणीच्या कात्रीतून तो शेजारून येतो. त्यामुळं छाटणीच्या मजुरांना कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराईट या जंतुनाशकाच्या द्रावणात बुडवायला लावा. कामाला वेळ जास्त लागतो, मजूर कुरकुरतात, तर त्या दिवसांची मजुरी थोडी वाढवून द्या. कापलेल्या जागी १० टक्के बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा.

आणि लावणीआधी बांधापलीकडची बाग बघून या. तिथं तडकलेली फळं पडली असतील, तर त्या शेतकऱ्याला दोष देऊ नका. दोघं मिळून ती वेचा, बागेबाहेर नेऊन जाळा, मगच खड्डे घ्या.