स्टिरॉइडने वजन वाढतंय, गोळी बंद करू का?

ल्युपसचं (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) निदान झालेल्या एकतिसाव्या वर्षाच्या एक ताई समुपदेशनाला आल्या. प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी रोज 40 मिलिग्रॅम सुरू होऊन सहा आठवडे झाले होते. वजन 54 वरून साडेएकोणसाठावर गेलेलं, चेहरा गोल झालेला, आणि ऑफिसात "तब्येत सुधारली हं!" हे रोजचंच. प्रश्न एकच होता: "गोळी बंद केली तर चालेल का?" बोलता बोलता कळलं की आठवडाभर त्या गोळी एक दिवसाआड घेत होत्या. न घेतलेल्या दिवशी मळमळ व्हायची, उठताना चक्कर यायची, बोटांचे सांधे धरायचे.

वजनाचं बोलणं तिथेच थांबवून आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. स्टिरॉइड तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ पोटात गेलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं कमी करतात. गोळी अचानक थांबली तर शरीराकडे दुसरी सोय नसते. बीपी कोसळू शकतं, आणि मूळ आजारही उसळतो. डॉक्टरांनी त्याच दिवशी रोजचा डोस पुन्हा सुरू केला. डोस उतरवायचा तो टप्प्याटप्प्याने, आणि किती ते त्यांनीच ठरवायचं.

मग वजनाकडे वळलो. साडेपाच किलो म्हणजे साडेपाच किलो चरबी नव्हे. ताई संध्याकाळी अर्धी वाटी फरसाण आणि दोन खारी जास्त खात होत्या, म्हणजे दिवसाला साधारण 300 ते 350 कॅलरी. सहा आठवड्यांत त्याची चरबी दोन किलोच्या आतच होते. बाकीचं बरंचसं पाणी. स्टिरॉइडमुळे मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि मिठाबरोबर पाणी. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहत होता. चेहरा, मानेमागचा भाग आणि पोट यांवर चरबी सरकते ती गोष्ट निराळी. ती उपाशी राहून हटत नाही. डोस खाली आल्यावर काही महिन्यांत हळूहळू ओसरते. हे आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं, नाहीतर माणूस महिनाभर आरशावर रागावतो आणि मग गोळीवर.

मिठाचा हिशेब घरच्या पुड्यावरून काढला. एका माणसाला दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चौघांना महिन्याला 600 ग्रॅम, आणि त्यात लोणचं-पापडातलंही आलं. त्यांच्याकडे एक किलोचा पुडा महिनाभरही पुरत नव्हता. भाकरीच्या पिठातलं मीठ, ताकातलं मीठ, जेवणातली चटणी यांवर कात्री चालवली. सैंधव चालेल, असं सासूबाईंचं म्हणणं. पण सैंधवातही सोडियमच असतं. 'कमी सोडियम'च्या मिठात बहुधा पोटॅशियम असतं, म्हणून मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या गोळ्या सुरू असतील तर ते विचारल्याशिवाय आणू नये.

खरी गंमत वेळेत होती. पोटात जळजळ होते म्हणून त्या गोळी रात्री जेवणानंतर घेत. त्यामुळे झोप उडायची आणि रात्री एक वाजता फ्रिज उघडायचा. डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी आठला, नाश्त्यानंतर घ्यायचं ठरलं. सकाळच्या डोसाने शुगर दुपारी आणि संध्याकाळी चढते. उपाशीपोटीची तपासणी नॉर्मल येऊन फसवू शकते. म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी शुगर बघायला सांगितली.

भूक मारायची नाही, कारण ती औषधाची आहे, जिभेच्या लाडाची नव्हे. पाचच्या भुकेला फरसाणाऐवजी मटकीची उसळ किंवा दोन उकडलेली अंडी. स्टिरॉइड स्नायू झिजवतं, विशेषतः मांड्यांचे, आणि क्रॅश डाएटने ती झीज वाढते. त्यांच्या वजनाला दिवसाला 55 ते 65 ग्रॅम प्रथिनं हवीत. दोन अंड्यांत 12, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18, बाकी डाळ-उसळ-दह्यातून. ल्युपसने मूत्रपिंड धरलं असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून घ्यावा. ताईंची लघवीची तपासणी ठीक होती. उपवासाला साबुदाण्याऐवजी दही-दाणे-फळं. शिवाय खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं, दिवसातून दोनदा.

वजन आठवड्यातून दोनदा, सकाळी शौचानंतर, उपाशीपोटी. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, धाप लागली किंवा पायांची सूज वर चढली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचं.

तीन आठवड्यांनी वजन 1.8 किलोने उतरलं, घोट्यांची सूज गेली. चेहरा तसाच होता. डोस 30 वर आला होता.

दम्याच्या पंपाबद्दलही अशीच भीती असते. पंपातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं. नेहमीच्या डोसाने वजनावर फारसा फरक पडत नाही, मुलांचा पंप त्या धास्तीने सोडवू नये. उलट सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांनी चेहरा गोल व्हायला लागला, तर त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. ती पुडीही एकदम थांबवू नका, घेऊन डॉक्टरांकडे जा.

ताईंच्या पर्समध्ये आता एक चिठ्ठी असते: औषधाचं नाव, डोस, सुरू केल्याची तारीख, डॉक्टरांचा फोन. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचं आणि चिठ्ठी आधी दाखवायची.