जाताना साडेचार तास, येताना साडेचौदा?

प्रश्न : जानेवारीत मुलीकडे लंडनला जाण्यासाठी आम्हा उभयतांची थेट विमानाची तिकिटे काढली आहेत. मुंबईहून रात्री २ वाजता निघून सकाळी ६.३० वाजता पोहोचायचे आहे. परतताना मात्र सकाळी १० ला निघालेले विमान रात्री १२.३० वाजता मुंबईत उतरते. पृथ्वी फिरते म्हणून असे होते का? विमानात प्रत्यक्ष किती तास बसावे लागेल? – एक वाचक, सातारा

उत्तर : तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते (मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार), त्यामुळे आपला प्रवास जाताना दहा आणि येताना नऊ तासांचा आहे.

उरलेल्या एका तासाच्या फरकाचे कारण पृथ्वीचे फिरणे असते, तर पश्चिमेकडे जाणारे विमान लवकर पोहोचायला हवे होते. पण पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते, म्हणून तसा फायदा मिळत नाही. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला समोरून सरासरी ८० किलोमीटरचा वारा लागला, तर जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ८२० उरतो आणि तोच वारा पाठीशी असला तर ९८० होतो. ७,२०० किलोमीटरच्या अंतरात एवढ्यानेच सुमारे दीड तासाचा फरक पडतो, म्हणून वैमानिक जाताना हा प्रवाह शक्य तितका टाळतात आणि येताना त्याचा लाभ घेतात.

हे ७,२०० किलोमीटर म्हणजे पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरल्यास मिळणारे अंतर. तो दोरा पाकिस्तान, पूर्व इराण, जॉर्जियातील तिबिलिसीचा परिसर आणि पश्चिम युक्रेन यांवरून जातो. मात्र युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी विमानांना बंद झाले आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. असे निर्बंध आले की विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागतो, म्हणून अंतराला वेगाने भागून आलेल्या आठ तासांवर विसंबू नये. शिवाय तिकिटावरील वेळेत धावपट्टीपर्यंतची संथ वाटचाल आणि हीथ्रोवर उतरण्यापूर्वी आकाशात घालाव्या लागणाऱ्या घिरट्याही धरलेल्या असतात.

आपल्यापैकी कोणी ठरावीक तासांनी औषध घेत असल्यास मात्र घड्याळातले साडेचार किंवा साडेचौदा तास मुळीच धरू नयेत. प्रत्यक्ष दहा आणि नऊ तास डॉक्टरांना सांगून, विशेषतः इन्सुलिन चालू असेल तर, वेळापत्रक निघण्यापूर्वीच लिहून घ्यावे आणि औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत.