टीव्हीवरचे किलो, वहीतले ग्रॅम

“मॅडम, त्या बाईने एका आठवड्यात पाच किलो उतरवले. मी तीन आठवडे चहातली साखर सोडलीय, फरसाण सोडलंय, आणि माझे फक्त आठशे ग्रॅम. माझ्यातच काही खोट आहे का?”

हा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत सतत येतो. ‘त्या बाई’च्या जागी कधी एखादी अभिनेत्री असते, कधी सकाळच्या कार्यक्रमातली ‘तीन महिन्यांत बावीस किलो’वाली गृहिणी, कधी ‘द बिगेस्ट लूजर’ या वजन उतरवण्याच्या स्पर्धेच्या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमातला स्पर्धक. प्रश्न मात्र तोच: त्यांना जमलं, मग मला का नाही? उत्तर म्हणून एका ताईंचा अनुभव सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई ४६ वर्षांच्या, नाशिकमधल्या एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करणाऱ्या. उंची पाच फूट दोन इंच, वजन ७८ किलो. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, ६.१ आली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की मधुमेह झालेला नाही, पण उंबरठ्यावर आहात, वजन थोडं उतरवा. त्यांनी मनावर घेतलं. रात्री दहाला ओटा आवरून झाला की त्या मोबाइलवर ‘बिगेस्ट लूजर’चे तुकडे बघत बसायच्या. भल्यामोठ्या काट्यावर माणूस उभा राहतो, आकडे वरखाली पळतात, थांबतात, सगळे मिठ्या मारून रडतात. ताईही रडायच्या. “बघताना असं वाटतं ना, की उद्यापासून मीपण,” त्या म्हणाल्या.

पहिल्याच भेटीत त्यांनी पर्समधून वही काढली. हिशेबाचा हात, त्यामुळे वही नेटकी होती. डाव्या रकान्यात टीव्हीवरच्या माणसाचं त्या आठवड्यात उतरलेलं वजन, उजव्या रकान्यात स्वतःचं. खाली लाल शाईने फरक, आणि त्यापुढे एकच शब्द: ‘तूट’.

ती लाल शाई बघून मला जे वाटलं ते अजून आठवतं. ही बाई दर सोमवारी स्वतःला कर्जबाजारी ठरवत होती.

त्या तुटीचं पुढे काय होत होतं तेही हळूहळू बाहेर आलं. लाल आकडा मोठा दिसला की त्या रात्रीचं जेवण बंद. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास काउंटरवर डोळ्यांपुढे अंधारी. असे दोन-तीन दिवस ढकलले की रात्री साडेअकराला सगळे झोपल्यावर चिवड्याचा डबा, उभ्यानेच, दिवा न लावता. मग लाज, आणि ती फेडायला पुन्हा उपास. मी स्पष्ट विचारलं: उलटी काढता का, जुलाबाच्या गोळ्या घेता का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ होतं. हे मी खाण्याशी झगडणाऱ्या प्रत्येकाला विचारते, कारण उत्तर ‘हो’ असेल तर पहिलं पाऊल मानसोपचारतज्ज्ञांकडे पडायला हवं, तिथे चालढकल चालत नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः लोकांना असे कार्यक्रम बघायला सुचवत असे. आणि काहींना त्याचा खरंच उपयोग झाला. एसटीतून निवृत्त झालेले एक काका होते, गुडघे दुखायचे म्हणून घराबाहेर पडत नसत. त्यांनी टीव्हीवर त्यांच्याच वयाच्या एका गृहस्थांची मुलाखत बघितली. त्या गृहस्थांनी सांगितलं होतं, पहिल्या दिवशी मी फक्त गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. काका दुसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेले. महिनाभरात ते कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज सकाळी दिसू लागले.

दोघांमध्ये फरक कशाने पडला? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं की दुसऱ्याला जमताना बघून ‘मलाही जमेल’ हा विश्वास वाढतो, पण तो दुसरा आपल्यासारखा असेल तर जास्त. काकांना आपल्यासारखा माणूस भेटला, शिवाय उद्या सकाळी नेमकं काय करायचं तेही कळलं. ताईंना भेटला तो महिनोन्महिने घरापासून दूर, कॅमेऱ्यासमोर राहणारा, दिवसाचे कित्येक तास प्रशिक्षकाच्या हाताखाली घाम गाळणारा माणूस. त्याला सहा वाजता उठून चार डबे भरायचे नसतात.

दुसऱ्या भेटीत मी आमच्या आहारतज्ज्ञ मैत्रिणीला बरोबर बसवलं. तिने ताईंपुढे कोरा कागद ठेवला. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. ताईंनी सोडलेला गोड चहा आणि फरसाण यांचे रोजचे साधारण ३०० धरू. एकवीस दिवसांचे किती? ताईंनी तोंडीच सांगितलं, ६,३००. भागा ७,७०० ने. त्यांनी भागाकार केला आणि पेन थांबलं.

“आठशे अठरा ग्रॅम.”

“तुमच्या काट्यावर किती आले?”

“आठशे.” त्या कागदाकडे बघत राहिल्या. “म्हणजे ताळा बसतोय.”

मैत्रिणीने लगेच सावध केलं की शरीर दर महिन्याला असं पाठ केल्यासारखं वागत नाही. मीठ जास्त झालं, पाळी जवळ आली, तर काटा एखादा किलो वर दाखवतो, आणि तो किलो पाण्याचा असतो. टीव्हीवरच्या पहिल्या आठवड्याच्या आकड्यातही पाणी बरंच असतं. शिवाय ‘बिगेस्ट लूजर’च्या २००९ सालच्या पर्वाचा विजेता डॅनी काहिल आला तेव्हा १९५ किलोंचा होता. एवढं मोठं शरीर नुसतं बसून जेवढं खर्च करतं, तेवढा ताईंचा दिवसभराचा धावपळीसकटचा खर्च नव्हता. त्याचा आकडा आणि यांचा आकडा एका वहीत शेजारी लिहिण्याजोगेच नव्हते.

पुढची गोष्ट सांगावी की नाही यावर मी आठवडाभर विचार केला. धीर खचेल अशी भीती होती. पण ज्या बाईचं आयुष्य आकड्यांत गेलं, तिच्यापासून आकडे लपवणं मला पटेना. याच कार्यक्रमातल्या चौदा स्पर्धकांना अमेरिकेच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’मधले संशोधक केव्हिन हॉल यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ३० आठवड्यांत त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते; सहा वर्षांत त्यातले सरासरी ४१ किलो परत आले. आणि त्यांचं शरीर विश्रांतीच्या अवस्थेत, त्या वजनाच्या माणसाकडून अपेक्षित असतं त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. जणू दुष्काळ येऊन गेला होता आणि शरीर अजून काटकसर करत होतं.

ताई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बिचारे. त्यांना वाटत असेल आपण मनाने कमी पडलो.”

मी ‘हो’ म्हटलं. मला वाटतं, त्या क्षणी त्यांनी स्वतःलाही थोडं माफ केलं. नंतर त्यांच्यातली हिशेबनीस जागी झाली: “मॅडम, एकतीस मार्चला शिल्लक दाखवली आणि एक एप्रिलला वही बंद केली, असं चालतं का कुठे? ऑडिटर धरेल आम्हाला.”

प्रेरणेच्या नावाखाली आपल्याला फक्त शेवटच्या दिवसाची शिल्लक दाखवली जाते, ही माझी मोठी तक्रार आहे. अमेरिकेतल्या प्रसिद्ध टीव्ही सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्रे यांनी १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या कार्यक्रमात ६७ पौंड चरबी भरलेली गाडी ओढत आणली होती. कित्येक आठवडे नुसत्या द्रवाहारावर राहून त्यांनी तेवढं वजन उतरवलं होतं. ते परत येऊ लागायला फार दिवस लागले नाहीत, आणि हे त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा मोकळेपणाने सांगितलं. पण लोकांच्या डोळ्यांपुढे राहिली ती गाडीच.

हॉल यांच्या चौदा जणांचं अर्धवट सांगून मी ताईंना पाठवलं नाही. २०१७ मधल्या विश्लेषणात दिसलं की ज्यांनी बरंचसं वजन परत येऊ दिलं नाही, त्यांचं रोजचं चालणं-फिरणं, व्यायाम इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त होता. आणि ५८ किलो झपाट्याने उतरवणाऱ्या शरीराची कथा वर्षात चार-पाच किलो उतरवणाऱ्याने जशीच्या तशी स्वतःला लावून घेऊ नये.

यानंतर ताईंनी डावा रकाना भरणं थांबवलं. रात्रीचं जेवण सुरू झालं, अंधारी थांबली, डब्याकडचे फेरे आठवड्यात तीनवरून महिन्यात एकावर आले. मला वाटलं, गाडी रुळावर आली. पण पाचव्या भेटीत त्या पुन्हा रडल्या, आणि आता कारण घरातलं होतं.

ताई बघायच्या म्हणून घरचेही बघू लागले होते. सासूबाई म्हणाल्या, “बघ, तुझ्यापेक्षा दुप्पट होती ती. मनात आणलं की होतं सगळं.” नवऱ्याने ताटातल्या दुसऱ्या पोळीकडे नुसतं बघितलं. माणसं वाईट नव्हती. अशा कार्यक्रमांचा परिणाम आपण डाएट करणाऱ्यावर मोजतो, बाजूला बसून बघणाऱ्याचा विचार करत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात तरुणांना ‘बिगेस्ट लूजर’चा जेमतेम चाळीस मिनिटांचा एक भाग दाखवला. बघणाऱ्यांमध्ये जाड माणसांबद्दलची नावड वाढली, आणि वजन पूर्णपणे ज्याच्या-त्याच्या हातात असतं ही समजूतही घट्ट झाली. चाळीस मिनिटांत. ताईंच्या घरी ते रोज चालू होतं.

मी सासूबाईंना आणि नवऱ्याला बोलावून घेतलं. दोष देण्यासाठी नाही, हे आधीच सांगितलं. सासूबाई पदर सावरत बसल्या आणि सरळ म्हणाल्या, “मग आम्ही काय बोलायचं ते तरी सांगा.”

“वजनाबद्दल काहीच बोलू नका, आजी. संध्याकाळी सातला कुकर लावाल का? म्हणजे या कामावरून येताना अर्धा तास चालून येतील.”

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “एवढंच ना?”

मला इतकी वर्षं या खोलीत बसून जे कळलं, त्यातलं बरंचसं त्या ‘एवढंच ना’मध्ये होतं. ताईंना गेल्या आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी अर्धा तास दिला होता.

डॉक्टरांच्या मूळ सांगण्याकडेही आम्ही परत गेलो, कारण मधल्या काळात ‘साखर’ विसरून सगळं ‘किलो’वर येऊन ठेपलं होतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांवर अभ्यास केला होता, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला. आहार आणि चालण्यात बदल केलेल्या गटात मधुमेह होण्याचा धोका तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही वजनात लक्षणीय घट न होता. हे ऐकल्यावर ताईंनी वहीत नवा रकाना आखला. त्यात रोज चाललेली मिनिटं जातात.

सहा महिन्यांनी वजन ७४.६ होतं, एचबीए१सी ५.८. अधूनमधून त्या अजूनही ते तुकडे बघतात, मला सांगूनच. बंदी मी घातलेली नाही. बघून झाल्यावर कसं वाटलं, जेवावंसं वाटलं की उपास करावासा, एवढं एका शब्दात लिहून ठेवायला सांगितलं आहे.

मागच्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा वही उघडायच्या आधीच म्हणाल्या, “मॅडम, आता मार्च एंड. पंधरा दिवस नऊ-नऊ वाजतात घरी यायला, चालणं काही व्हायचं नाही. वजन एप्रिलच्या पंधरा तारखेनंतरच करू या का?”

“करू या,” मी म्हटलं, आणि पुढची तारीख १८ एप्रिल लिहिली.