शेअर्ड फोल्डरवरचा डेटाबेस वारंवार बिघडतो. दोष नेटवर्कचा की सॉफ्टवेअरचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: महापे येथील कार्यालयात सात-आठ संगणकांवर मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये बनवून घेतलेला स्टॉक आणि बिलिंगचा प्रोग्राम चालतो, त्याची डेटा फाइल एका संगणकाच्या शेअर्ड फोल्डरमध्ये आहे, आणि दिवसाआड कोणाच्या तरी स्क्रीनवर ‘डेटाबेसचा फॉरमॅट ओळखता येत नाही’ किंवा ‘नेटवर्कचा संपर्क तुटला’ अशा अर्थाचा संदेश येऊन सगळ्यांचे काम थांबते. सॉफ्टवेअरवाला नेटवर्ककडे बोट दाखवतो, नेटवर्कवाला सॉफ्टवेअरकडे. तेव्हा नवा सर्व्हर आणि नवा गिगाबिट स्विच (सगळ्यांच्या केबल एकत्र जोडणारी पेटी) घेतला तर हे थांबेल का, असे तुम्ही विचारले आहे. बहुधा थांबणार नाही. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या लहान कार्यालयांचे संगणक आणि नेटवर्क वार्षिक करारावर सांभाळतो, म्हणजे तुमच्या या भांडणातल्या दुसऱ्या पक्षाचा माणूस आहे. त्यामुळे पुढचे उत्तर निःपक्षपाती असेल अशी अपेक्षा ठेवू नये.

ॲक्सेस असो वा जुना फॉक्सप्रो, या प्रकारच्या डेटाबेसमध्ये ज्याला आपण कौतुकाने ‘सर्व्हर’ म्हणतो तो संगणक डेटाबेसचे कोणतेच काम करत नसतो. तो फाइलचे मागितलेले तुकडे देतो आणि परत आलेले तुकडे लिहून ठेवतो, एवढेच. कोणती नोंद फाइलच्या कोणत्या पानावर आहे, इंडेक्समध्ये (नोंदी शोधण्याच्या सूचीत) कुठे बदल करायचा, दुसऱ्याने बदलू नये म्हणून कोणत्या नोंदीवर लॉक लावायचा, हे सगळे प्रत्येक टेबलावरचा संगणक आपापले ठरवतो. पेढीची खतावणी एकटा मुनीम लिहीत असेल आणि बाकीचे त्याला फक्त व्यवहार सांगत असतील, तर सांगणारा मध्येच उठून गेला तरी खतावणी शाबूत राहते. इथे मुनीम नाहीच, आठही जण तीच खतावणी आपापल्याकडे ओढून लिहीत आहेत. एसक्यूएल सर्व्हर किंवा पोस्टग्रेएसक्यूएल अशा, मुनीमासारखे सगळे लेखन स्वतः करणाऱ्या डेटाबेसशी जोडलेल्या संगणकाचा संपर्क तुटला, तर सर्व्हर तो अर्धवट राहिलेला व्यवहार रद्द करतो आणि फाइलला काही होत नाही. ॲक्सेसमध्ये पान लिहून झाले पण इंडेक्स लिहायचा राहिला, अशा क्षणी संपर्क तुटला तर रद्द करणारा कोणीच नसतो, आणि त्यानंतर फाइल उघडणाऱ्या प्रत्येकाला ती मोडकी दिसते.

ही माझी एकट्याची खुसपट नाही. एसक्यूलाइट या, असाच फाइलवर चालणाऱ्या डेटाबेसच्या निर्मात्यांनी आपल्या अधिकृत माहितीत स्पष्ट लिहिले आहे की अनेक संगणकांना नेटवर्कवरून एकच फाइल वापरायची असेल, तर क्लायंट-सर्व्हर प्रकारचा, म्हणजे मुनीम असलेला, डेटाबेस घ्यावा, कारण नेटवर्कवरच्या फाइल-लॉकिंगवर विसंबता येत नाही. त्या डेटाबेसची ‘वॉल’ (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये नोंदवण्याची) ही लेखनपद्धत तर शेअरवरच्या फाइलसाठी वापरताच येत नाही, कारण तिला सर्व प्रोग्रामांची सामाईक मेमरी लागते आणि ती एकाच संगणकावर शक्य असते.

आता हे सांगताना माझा आवाज का चढतो, ते सांगतो. तुर्भे औद्योगिक क्षेत्रातील एका रसायन व्यापाऱ्याचे कार्यालय माझ्याकडे करारावर होते. तिथला प्रोग्राम एका ओळखीच्या प्रोग्रामरने ॲक्सेसमध्ये बांधलेला होता आणि तो कित्येक वर्षे बरा चालला होता. 2018 च्या मे-जूनपासून तो वारंवार पडू लागला. प्रोग्रामर यायचा, सगळ्यांना बाहेर पडायला लावायचा, ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ ही ॲक्सेसची दुरुस्तीची सोय चालवायचा, आणि भेटीच्या कागदावर कारणाच्या रकान्यात दोन शब्द लिहायचा: ‘नेटवर्क प्रॉब्लेम’. तो कागद मालकांच्या टेबलावर जायचा आणि मालक मला फोन करायचे. मी स्विच बदलून पाहिला, केबलची टोके नव्याने क्रिंप केली, डेटा ठेवलेल्या संगणकाचे नेटवर्क कार्डही बदलले. बिघाड जसाच्या तसा राहिला आणि कागदावरचे दोन शब्दही तसेच राहिले. त्या तिमाहीचे माझे बिल मालकांनी रोखून धरले, कारण त्यांच्या दृष्टीने जे दुरुस्त व्हायला हवे होते ते माझ्या खात्यातले होते.

मग मी प्रत्येक संगणकावरून डेटा ठेवलेल्या संगणकाला सतत पिंग लावून, म्हणजे लहान चाचणी-संदेश (पॅकेट) पाठवून उत्तर येते का ते पाहून, त्याची वेळेसह नोंद ठेवली. बिघाड झाला त्या वेळांना एकही पॅकेट हरवलेले नव्हते. हे कागद घेऊन मी मालकांच्या केबिनमध्ये बसलो असताना प्रोग्रामर म्हणाला, “पिंग लागतंय म्हणजे नेटवर्क चांगलं, असं कोणी सांगितलं तुम्हाला? तुम्ही केबल बघा हो, डेटाबेस मला शिकवू नका.” यातला पहिला मुद्दा बरोबर होता, हे मला मान्य आहे. पिंगचे पॅकेट लहान असते आणि भाराखाली काय होते ते त्यातून कळत नाही. म्हणून मी त्याच शेअरवरून मोठमोठ्या फाइली दिवसभर कॉपी करत ठेवल्या आणि प्रत्येक संगणकावर ‘नेटस्टॅट -ई’ ही आज्ञा देऊन नेटवर्कच्या त्रुटींचा आकडा तपासत राहिलो. डेटाबेस पडला त्या क्षणीही त्याच संगणकावर, त्याच केबलमधून, त्याच शेअरवरची कॉपी न थांबता चालू होती आणि त्रुटींचा आकडा शून्यावर होता. दुसऱ्या मुद्द्याबद्दल एवढेच म्हणतो की डेटाबेस शिकवायची वेळ माझ्यावर आणली गेली.

बिघाडांच्या वेळा आणि संगणकांची नावे शेजारी मांडल्यावर दिसले की ज्या संगणकांवर विंडोज 10 ची 1803 ही आवृत्ती आली होती, त्यांनी फाइल उघडल्या-बंद केल्याच्या आसपासच फाइल मोडत होती. विंडोजच्या फाइल शेअरिंगमध्ये, म्हणजे एसएमबीमध्ये, ‘लीज’ नावाची सोय असते. तिच्यामुळे एखाद्या संगणकाला शेअरवरच्या फाइलचा भाग काही काळ स्वतःकडे कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवण्याची मुभा मिळते, आणि दुसरा कोणी ती फाइल मागू लागला की सर्व्हर ती मुभा काढून घेतो व पहिल्याने आपले बदल परत लिहायचे असतात. वर्ड-एक्सेलच्या फाइलींना ही सोय उत्तम आहे, पण एकाच फाइलमध्ये अनेकांनी एकाच वेळी लिहायचे असेल तर ती नाजूक ठरते. 1803 नंतर शेअरवरचे ॲक्सेस डेटाबेस बिघडत असल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या होत्या, आणि डेटा ठेवलेल्या संगणकावर लीजिंग बंद करावे असा तात्पुरता उपाय मायक्रोसॉफ्टनेच सांगितला होता. मी त्या संगणकाच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत) लॅनमॅनसर्व्हरच्या पॅरामीटर्समध्ये ‘डिसेबललीजिंग’ ही नोंद 1 केली, संगणक पुन्हा सुरू केला, आणि बिघाड थांबले. शेअरवरचे बाकीचे काम किंचित मंदावले, त्याची तक्रार कोणी केली नाही.

त्यानंतरच्या भेटीत प्रोग्रामरने कागदावर लिहिले: ‘नेटवर्क दुरुस्त केल्यावर प्रॉब्लेम सुटला.’ या शेवटच्या दुरुस्तीत मी एका केबललाही हात लावलेला नव्हता. माझे बिल पुढे मिळाले, पण ते वाक्य त्या कार्यालयाच्या फाइलमध्ये अजून असेल, आणि वर्षभराने त्याच प्रोग्रामरने टेबले एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर हलवली तेव्हा त्या कामाचे पैसेही त्यालाच मिळाले. काम चांगले केले, हेही नोंदवतो.

तुमच्या बाबतीत कारण नेमके हेच असेल असे नाही. नवे काही खरेदी करण्याआधी डेटा फाइलचा आकार पाहा, कारण ॲक्सेसची मर्यादा 2 जीबी आहे आणि तिच्या जवळ गेलेली फाइल असेच चित्रविचित्र संदेश देते. प्रोग्राम आणि डेटा या दोन वेगळ्या फाइली आहेत का, आणि प्रोग्रामची प्रत प्रत्येक संगणकावर स्वतंत्र आहे का, तेही पाहा; सगळेजण शेअरवरची एकच प्रोग्राम फाइल उघडत असतील तर पुढचे काही तपासण्याचीही गरज नाही, आधी ते बदला. फोल्डरवर प्रत्येकाला फाइल बनवण्याचा आणि पुसण्याचा अधिकार हवा, कारण उघडताना ॲक्सेस शेजारी ‘लॅकडीबी’ ही लॉकची फाइल बनवतो आणि ती बनवता आली नाही तर दुसऱ्यांना डेटाबेस उघडणे अवघड होते. झेड ड्राइव्ह (शेअर्ड फोल्डरला दिलेले अक्षर) काहींना दिसतो आणि काहींना नाही, किंवा प्रोग्राम ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडल्यावर तो गायब होतो, अशी तक्रार असेल तर ती वेगळी आहे: जोडलेले ड्राइव्ह हे त्या-त्या लॉगिनपुरते असतात, म्हणून ड्राइव्हच्या अक्षराऐवजी संगणकाच्या नावाने सुरू होणारा पूर्ण मार्ग द्यावा. विंडोज 11 ची 24एच2 आवृत्ती आल्यापासून जुन्या नॅसवरचा (नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या पेटीवरचा) शेअर उघडतच नसेल, तर एसएमबी साइनिंग (प्रत्येक संदेशावर खरेपणाची सही) तिथे सक्तीचे झाले आहे हे कारण असू शकते. मात्र त्यात फाइल उघडत नाही, मोडत नाही. डेटा फाइल वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये ठेवली असेल, तर आधी ती तिथून हलवा, तोवर मला पुढे काही विचारू नका.

नेटवर्क खरोखरच दोषी असते अशी उदाहरणेही मी पाहिली आहेत आणि ती लपवणे बरे नाही. एखादा लॅपटॉप वायफायवरून हा प्रोग्राम चालवत असेल, तर त्याला आजच केबल लावा. वायफायवर क्षणभर संपर्क गेला तर वेब पान पुन्हा उघडता येते, ॲक्सेसची फाइल तशी सावरत नाही. घरून व्हीपीएनने जोडणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे, त्यांनी रिमोट डेस्कटॉप (कार्यालयातला संगणक दुरून चालवण्याची सोय) वापरावा. नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ या अर्थाची खूण असते, ती काढा. आणि आपल्या भागातल्या गाळ्यांमध्ये हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे संगणक यूपीएसवर असतात, डेटा ठेवलेला संगणक तर खास मोठ्या यूपीएसवर असतो, पण स्विच मात्र कोपऱ्यातल्या साध्या प्लगवर लावलेला असतो. पावसाळ्यात वीज डोळ्याची पापणी लवेपर्यंत जाते, संगणकांना कळतही नाही, स्विच मात्र पुन्हा सुरू होतो आणि त्या वेळात लिहिणाऱ्या प्रत्येकाचा हात तुटतो. अशा ठिकाणी ‘नेटवर्क प्रॉब्लेम’ हे उत्तर खरे असते, पण तेही अपुरेच असते, कारण स्विच जळून गेला तरी डेटाबेस मोडू नये अशी रचना कित्येक दशकांपासून उपलब्ध आहे आणि ती न निवडण्याचा निर्णय नेटवर्कवाल्याने घेतलेला नसतो.

म्हणून तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याकडून कारण लेखी घ्या, आणि ‘नेटवर्क’ हा शब्द कारण म्हणून स्वीकारू नका. कोणत्या संगणकावर, किती वाजता, कोणत्या क्रमांकाची त्रुटी आली, त्या वेळी किती जण आत होते, आणि त्याच वेळी शेअरवरच्या दुसऱ्या फाइलीही बंद पडल्या का, एवढे त्याने लिहिले पाहिजे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर तुमच्या नेटवर्कवाल्याचे बिल रोखू नका.

नव्या सर्व्हरबद्दल: सात-आठ जणांसाठी विंडोज 10 किंवा 11 चा साधा संगणकही पुरतो, त्यावर फाइल शेअरिंगच्या एकावेळी 20 जोडण्या चालतात. त्याच संगणकावर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस टाकता येतो. तो विनामूल्य आहे आणि त्याच्या 2008 आर2 पासूनच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला किमान 10 जीबीपर्यंत जागा मिळते. पडदे, रिपोर्ट आणि छपाई ॲक्सेसमध्येच ठेवून फक्त टेबले तिकडे हलवता येतात, मात्र एखादा फॉर्म उघडताना अख्खे टेबल ओढून आणणारी क्वेरी (डेटाची मागणी) असेल तर ती दुरुस्त करावी लागते, नाहीतर प्रोग्राम पूर्वीपेक्षा मंद वाटेल. सर्व्हरसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून आधी स्विचला एक लहान यूपीएस घ्या आणि उरलेल्या रकमेत टेबले हलवण्याचे काम तुमच्या त्याच सॉफ्टवेअरवाल्याला द्या, कारण कोड त्याच्याकडे आहे. ऑर्डरमध्ये मात्र एक अट घाला: काम झाल्यावर चालू बिल लिहिताना एका संगणकाची केबल मुद्दाम उपटून दाखवायची आणि बाकीच्यांचे काम चालू राहिले, तरच शेवटचा हप्ता द्यायचा.